भिरंडीच्या बियांतील स्नेह आणि त्वचेचे वार्धक्य

मनुष्यदेहावर काळ आपली पहिली अक्षरे लिहितो ती त्वचेवर. केस पिकण्यापूर्वी, दृष्टी मंदावण्यापूर्वी डोळ्यांच्या कडांशी बारीक रेषा उमटू लागतात आणि वयाची जाणीव होते. ही अक्षरे पुसून टाकण्याची इच्छा फार जुनी आहे. चरकसंहितेत ‘वयःस्थापन’ या नावाने दहा औषधींचा एक स्वतंत्र गण सांगितला असून त्यात गुळवेल, हिरडा, आवळा, पुनर्नवा इत्यादींचा समावेश आहे. आज हीच इच्छा प्रसाधनांच्या बाजारपेठेत नव्या वेषात वावरत आहे आणि त्या बाजारपेठेचे लक्ष वनस्पतींच्या बियांकडे वळले आहे. द्राक्षाच्या बिया, आंब्याच्या कोयी, बावची, उंडी, करंज यांच्या अर्कांची व तेलांची नावे प्रसाधनांच्या वेष्टनांवर छापली जाऊ लागली आहेत.

गोव्यातील वाचकाला या विषयाचे विशेष अगत्य वाटावे असे एक कारण आहे. या बियांपैकी एक बी आपल्या परसातली आहे. ती म्हणजे भिरंडीची, अर्थात कोकमाची बी होय. सोलां करून झाल्यावर अनेक घरांत ती उकिरड्यावर जाते. तिच्यात नेमके काय आहे, त्वचेला तिचा उपयोग किती आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, आणि सुर्ल्यासारख्या गावाने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याची माहिती देण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सुर्ला आणि भिरंड

गोव्यात सुर्ला नावाची दोन गावे आहेत. एक डिचोली तालुक्यातील, खनिज पट्ट्यात मोडणारे; दुसरे सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या परिसरात, डोंगरमाथ्यावरील. दोन्ही गावांची परिस्थिती भिन्न असली तरी पश्चिम घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पसरलेल्या पट्ट्याशी दोहोंचे नाते आहे आणि भिरंड हा त्याच पट्ट्याचा वृक्ष आहे. जंगलाच्या सावलीत, ओहोळाच्या काठी, कुळागरात सुपारी-नारळाच्या सोबतीने तो वाढतो. त्याला खताची किंवा औषधफवारणीची फारशी अपेक्षा नसते.

डिचोलीतील खाणपट्ट्याने गेल्या काही वर्षांत मोठे चढउतार पाहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले, पुढे ते काही काळ सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील निर्णयानुसार मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाले. त्यानंतर खाणपट्ट्यांचे लिलाव होऊन काही ठिकाणी काम नव्याने मार्गी लागले आहे. तथापि ट्रकाच्या चाकावर ज्या घरांची चूल अवलंबून होती, त्या घरांना एकाच व्यवसायावर विसंबण्यातील धोका या काळात चांगलाच उमगला. म्हणूनच गावाच्या मातीतून सहज येणाऱ्या, आजवर दुर्लक्षित राहिलेल्या पदार्थाचे मोल जाणून घेणे ही आता केवळ कुतूहलाची बाब राहिलेली नाही.

नावाची कथा

भिरंडीचे शास्त्रीय नाव ‘गार्सिनिया इंडिका’ असे आहे. संस्कृतात तिला ‘वृक्षाम्ल’ म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ताज्या फळाला रतांबा आणि सुकविलेल्या सालीला आमसूल किंवा कोकम म्हणतात. गोव्यात मात्र फळ भिरंड आणि साल म्हणजे सोल. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात या फळाचा उल्लेख आला आहे आणि त्यासाठी वापरलेला शब्द ‘भिरंड’ याच शब्दाचे पोर्तुगीज रूप आहे. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला काही काळ ‘ब्रिंडोनिया’ असेही नाव दिले होते. म्हणजे आपल्या बोलीतील एक शब्द युरोपच्या शास्त्रीय ग्रंथांपर्यंत पोहोचला होता. ‘गार्सिनिया’ हे नाव गार्सिया द ओर्ता यांच्यावरून पडले असा समज आढळतो, परंतु तो बरोबर नाही. अठराव्या शतकातील निसर्गशास्त्रज्ञ लोरां गार्सँ यांच्या सन्मानार्थ ते दिलेले आहे.

बियेपासून भिरंडेलापर्यंत

भिरंडीला थंडीच्या दिवसांत फुले येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकतात. एका फळात साधारण पाच ते आठ बिया असतात. साल वेगळी करून तिला आतील रसाचे पुट देत उन्हात वाळविली की सोलां तयार होतात. मागे राहतात त्या गराने माखलेल्या बिया. त्यांच्यापासून निघणारे तेल गोव्यात ‘भिरंडेल’ व दक्षिण कोकणात ‘मुठेल’ या नावाने ओळखले जाते. थंड झाल्यावर थिजलेला स्नेह मुठीत दाबून त्याचे गोळे वळण्याची पद्धत आहे.

घरगुती कृती अशी. बिया पाण्यात चोळून स्वच्छ धुतात व कडक उन्हात वाळवितात. टरफल फोडून आतील गर काढतात, तो कुटून त्याची भुकटी करतात आणि भरपूर पाण्यात उकळतात. उष्णतेने स्नेह मोकळा होऊन पाण्यावर तवंग धरतो. भांडे थंड होऊ दिले की हा तवंग घट्ट होतो. तो काढून पुन्हा वितळवितात, गाळतात आणि गोळे करतात. वाळलेल्या संपूर्ण बियेत सुमारे २३ ते २६ टक्के स्नेह असतो. म्हणजे १० किलो वाळलेल्या बियांत जास्तीत जास्त अडीच किलोच्या आसपास तेल असते. उकळण्याच्या पद्धतीत यातील काही भाग चोथ्यातच राहतो. यांत्रिक घाण्यावर किंवा द्रावक वापरून काढल्यास उतारा वाढतो.

या कामातील खरी शर्यत पावसाशी असते. फळे पिकण्याचा काळ आणि मृग नक्षत्राचे आगमन यांत फार थोडे अंतर असते. बिया ओल्या राहिल्या की त्यांवर बुरशी धरते, स्नेहाचे विघटन सुरू होते आणि तेलाला खवट वास येतो. असे तेल दिव्यात जाळण्यापुरते ठीक. त्वचेवर लावण्यास ते योग्य नव्हे. मिठात मुरविलेल्या आगळातून काढलेल्या बियाही अनेक पाण्यांनी धुऊन घ्याव्या लागतात. उत्तम भिरंडेल व निकस भिरंडेल यांतील फरक पुष्कळसा मे महिन्याच्या उन्हातच ठरून जातो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तेलाचे रसायन

भिरंडेल खोलीच्या तापमानात खडूसारखे घट्ट व पांढुरके-पिवळसर दिसते, आणि सुमारे ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. तळहातावर घासले की ते मऊ होते, पण खोबरेल तेलासारखे वाहून जात नाही. याचे कारण त्याच्या घटकांत आहे. त्यातील निम्म्याहून अधिक भाग स्टिअरिक आम्लाचा आणि सुमारे ३६ ते ४० टक्के भाग ओलेइक आम्लाचा असतो. पहिल्या आम्लामुळे त्याला घट्टपणा येतो, दुसऱ्यामुळे मृदुता. हवेतील प्राणवायूशी त्वरेने संयोग पावून तेल खवट करणारे लिनोलेइक आम्ल त्यात अत्यल्प असते, त्यामुळे नीट काढलेले भिरंडेल दीर्घकाळ टिकते.

हीच रचना कोको बियांच्या लोण्याशी मिळतीजुळती आहे. त्यामुळेच युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी केलेल्या नियमांत कोकोच्या लोण्याखेरीज ५ टक्क्यांपर्यंत वापरण्यास ज्या सहा वनस्पतिज स्नेहांना अनुमती दिली, त्यांत आंब्याच्या कोयीचा व सालबियांचा स्नेह यांच्या जोडीने कोकमाच्या बियांचा स्नेहही आहे. ओठांचे मलम, साबण व त्वचेची क्रीम यांतही याच गुणांसाठी त्याला मागणी असते.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ‘तेल’ आणि ‘अर्क’ हे शब्द जाहिरातींत सरमिसळ करून वापरले जातात. तेल म्हणजे बियेतील स्नेह. अर्क म्हणजे पाणी, मद्यार्क किंवा अन्य द्रावकात बियेतील इतर द्रव्ये उतरवून घेऊन केलेले सार. कोकमातील ज्या ‘गार्सिनॉल’ नामक द्रव्याचा आणि ज्या लाल रंगद्रव्यांचा प्रतिऑक्सिडीकारक म्हणून उल्लेख केला जातो, ती प्रामुख्याने फळाच्या सालीत असतात. बियेच्या तेलाला सालीचे गुण चिकटविणे म्हणजे एका भावाच्या पदवीवर दुसऱ्याने नोकरी मागण्यासारखे आहे.

त्वचा म्हातारी का होते?

त्वचेचे स्थूलमानाने दोन थर असतात. वरचा बाह्यत्वचेचा व खालचा अंतस्त्वचेचा. बाह्यत्वचेचा अगदी वरचा पापुद्रा मृत पेशींचा असून त्या पेशींमधील फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. विटा आणि चुना यांच्या भिंतीची उपमा त्याला शोभते. ही भिंत शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही. खालच्या थरात कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. त्वचेचा ताठरपणा व लवचिकपणा त्यांच्यावर अवलंबून असतो.

वयाबरोबर तीन गोष्टी घडतात. पहिली, स्निग्ध द्रव्यांची निर्मिती कमी होते व वरची भिंत कोरडी पडते. दुसरी, नव्या पेशी तयार होण्याची गती मंदावते. तिसरी, कोलॅजेनचे प्रमाण घटत जाते. प्रौढ वयात ही घट वर्षाला सुमारे १ टक्का इतकी मानली जाते. या नैसर्गिक क्रमाला वेग देणारी सर्वांत मोठी बाह्य शक्ती म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे. ती अंतस्त्वचेपर्यंत पोहोचून कोलॅजेनचे तंतू तोडणाऱ्या विकरांना चालना देतात. धूम्रपानामुळेही हीच हानी होते. एकाच व्यक्तीच्या चेहऱ्याची त्वचा आणि कपड्याखाली झाकलेली दंडाच्या आतील बाजूची त्वचा यांची तुलना केली, तर वयाचा वाटा किती आणि उन्हाचा वाटा किती, हे कोणासही आरशासमोर उमजेल.

भिरंडेल काय करते आणि काय करीत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भिरंडेल लावल्यावर ते वरच्या भिंतीवर पातळ थर धरते, पेशींमधील फटी बुजविते व पाण्याचे बाष्पीभवन रोखते. कोरडेपणामुळे ठळक दिसणाऱ्या बारीक रेषा त्यामुळे फिक्या होतात, त्वचा मऊ लागते, टाचांच्या भेगा भरून येण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. पायांच्या भेगांना व फुटलेल्या ओठांना भिरंडेल लावण्याची आपल्या आजीची रीत अशा प्रकारे शास्त्राच्या कसोटीला उतरते.

परंतु हा परिणाम पृष्ठभागापुरता व तात्पुरता आहे. अंतस्त्वचेतील तुटलेले कोलॅजेन नव्याने विणण्याचे सामर्थ्य या स्नेहात नाही. खोल सुरकुत्या त्याने जात नाहीत. उन्हापासून संरक्षण देणारा लेप म्हणूनही ते चालणार नाही. भातलावणीच्या दिवसांत सतत चिखलपाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या हा बहुधा बुरशीचा विकार असतो. तेथे तेलाचा थर ओल कोंडून धरतो, म्हणून चिखल्यांवर वैद्यकीय उपचारच घ्यावेत. मुरुमे येणाऱ्या तेलकट चेहऱ्यावरही जाड स्नेहाचा लेप हितावह नसतो.

वार्धक्याची चिन्हे लांबविण्यास कशाचा उपयोग होतो, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात झालेल्या एका दीर्घ अभ्यासाने दिले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५५ वर्षांखालील ९०३ व्यक्तींचा सुमारे साडेचार वर्षे मागोवा घेण्यात आला. उन्हापासून रक्षण करणारे मलम रोज नियमाने लावणाऱ्यांच्या त्वचेवर, ते मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा, वार्धक्याची चिन्हे २४ टक्के कमी आढळली. याच अभ्यासात प्रतिऑक्सिडीकारक बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही काहींना दिल्या होत्या. त्यांचा एकंदरीत परिणाम दिसून आला नाही. शेतात व बागायतीत राबणाऱ्यांना यातून मिळणारा बोध सोपा आहे. डोक्यावर रुंद कडांची टोपी, अंगात लांब बाह्यांचा सदरा आणि भर दुपारच्या उन्हात विसावा यांची बरोबरी कोणतीही बी करू शकत नाही.

बावचीचा धडा

याचा अर्थ बियांतील द्रव्यांना कोणतेही सामर्थ्य नसते असा नव्हे. या बाबतीत बावचीचे उदाहरण उद्बोधक आहे. बावचीच्या बिया आयुर्वेदात श्वित्र म्हणजे कोडाच्या उपचारासाठी प्रसिद्ध आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांतून ‘बाकुचिऑल’ नामक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून १९६६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर अर्धशतकाने, २०१९ मध्ये, ब्रिटनच्या त्वचाविकारविषयक नियतकालिकात या द्रव्याची एक चाचणी छापून आली. तीत ४४ व्यक्तींपैकी काहींना ०.५ टक्के बाकुचिऑल आणि काहींना ०.५ टक्के रेटिनॉल १२ आठवडे लावण्यास दिले होते. दोन्ही गटांत सुरकुत्या व काळे डाग कमी झाले आणि त्या बाबतीत दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. रेटिनॉल वापरणाऱ्यांत मात्र त्वचेची साल निघणे व चुरचुरणे यांचे प्रमाण अधिक होते.

४४ व्यक्तींची चाचणी लहानच म्हणावी लागेल. तरीही तिची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. द्रव्य एकच व शुद्ध होते, प्रमाण ठरलेले होते, कालावधी निश्चित होता, तुलनेसाठी दुसरा गट होता. बियेच्या नावावरून गुण गृहीत धरलेले नव्हते, तर ते मोजून पाहिले होते.

याची दुसरी बाजूही जाणली पाहिजे. त्याच बावचीच्या बियांत ‘सोरालेन’ वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर लाली येते, फोड उठतात व पुढे काळे डाग राहतात. कोडाच्या उपचारात वैद्य याच गुणाचा नियंत्रित उपयोग करतात. शुद्ध बाकुचिऑल वेगळे आणि घरी काढलेले बावचीचे तेल वेगळे. दुसरे चेहऱ्यावर चोळून उन्हात गेल्यास तारुण्य मिळण्याऐवजी भाजल्याच्या जखमा पदरी पडतील. ‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समज किती घातक ठरू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

गावासाठी काही सूचना

भिरंडीच्या बियांचा विचार सुर्ला व तत्सम गावांतील शेतकरी, महिला मंडळे व स्वयंसाहाय्य गट यांनी पुढील दृष्टीने करावा.

एक, झाडांविषयी. भिरंडीच्या झाडांत नर व मादी असा भेद असतो. बियेपासून लावलेल्या रोपांपैकी जवळजवळ निम्मी नर निघतात व ती फळे देत नाहीत. हे कळेपर्यंत कित्येक वर्षे उलटलेली असतात. म्हणून चांगल्या मादी झाडाची कलमे लावणे श्रेयस्कर. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातिस’ या जाती प्रसारित केल्या आहेत. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत या पिकावर संशोधन झालेले आहे. लागवडीपूर्वी तेथील तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

दोन, संकलनाविषयी. सत्तरीतील जंगलाचा मोठा भाग १९९९ मध्ये घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात मोडतो. तेथे वन खात्याच्या नियमांचे पालन केले पाहिजे. खासगी कुळागरातही सर्व फळे ओरबाडून न नेता काही झाडावर ठेवावीत. पक्षी व वानर यांनी टाकलेल्या बियांतूनच जंगलातील नवी झाडे उगवतात.

तीन, प्रतीविषयी. धुतलेल्या व पूर्ण वाळलेल्या बियाच साठवाव्यात. वेगवेगळ्या दिवशी काढलेले तेल एकत्र न करता प्रत्येक घाण्याची तारीख लिहून ठेवावी. ग्राहकाला एकदा खवट माल मिळाला तर तो पुन्हा फिरकत नाही.

चार, कायद्याविषयी. नुसत्या बिया विकणे वेगळे आणि मलम किंवा क्रीम बनवून विकणे वेगळे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम यांनुसार विक्रीसाठी प्रसाधन तयार करण्यास परवाना आवश्यक आहे. वेष्टनावर दिशाभूल करणारा मजकूर छापण्यास मनाई आहे. रोग बरा करण्याचा दावा केला की प्रसाधन औषधाच्या व्याख्येत जाते व त्याचे नियम अधिक कडक आहेत. उत्पादन सुरू करण्यापूर्वी राज्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे चौकशी करणे हितावह ठरेल.

पाच, ग्राहकाविषयी. कोणतेही नवे तेल वा मलम प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज अथवा लाली न आल्यासच चेहऱ्यावर वापरावे. उघड्या जखमेवर व तान्ह्या मुलाच्या अंगावर वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते लावू नये.

समारोप

बाजाराच्या मोहात पडून कोणी उद्या भिरंडेलाच्या डबीवर ‘सुरकुत्या नाहीशा करणारे’ असे छापले, तर काही डब्या चटकन खपतीलही. परंतु महिना-दोन महिन्यांनी आरसा खरे सांगेल आणि मग डबीबरोबर गावाचे नावही उतरेल. त्याऐवजी ‘कोरड्या त्वचेसाठी, भेगाळलेल्या टाचांसाठी, फुटलेल्या ओठांसाठी’ एवढेच प्रामाणिकपणे लिहिले, तर ते वर्षानुवर्षे खरे ठरत राहील. खाणीतील खनिज एकदा काढले की परत येत नाही. भिरंड मात्र दर उन्हाळ्यात पुन्हा फळाला येते. तिच्या बियेला तिचे योग्य मोल मिळावे, कमी नको आणि जास्तही नको. येत्या हंगामात सोलां वाळत घालताना बियांची पाटी उकिरड्याकडे न नेता दुसऱ्या चटईवर पसरावी आणि मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी ती घरात घ्यावी, ही या कामाची साधी व पुरेशी सुरुवात होय.